औषधी गोळ्यांचे व्यसन : उपचारांचे मार्ग

डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांचेही व्यसन जडू शकते. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंताशामक गोळ्या आणि ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामके यांत ही शक्यता विशेष असते. ट्रॅमाडॉल २०१८ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत आणण्यात आले.

व्यसन लक्षात येताच घरची मंडळी गोळ्या काढून घेतात. झोपेच्या गोळ्यांबाबत हे जिवावर बेतू शकते. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्यास निद्रानाश, भ्रम, प्रसंगी आकडीही येते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञ तिची मात्रा काही आठवडे वा महिने टप्प्याटप्प्याने कमी करतात.

अफूसदृश वेदनाशामकांच्या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देऊन तलफ आटोक्यात आणली जाते. शरीर त्या औषधांपासून पूर्ण मुक्त झाल्यावरच नालट्रेक्झोन देता येते. खंडानंतर सहनशक्ती घटते. त्यामुळे पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतल्यास मृत्यू ओढवू शकतो.

मूळ वेदना, चिंता वा निद्रानाशावरील उपचार आणि समुपदेशन यांवाचून व्यसनमुक्ती टिकत नाही. पुण्यातील ‘मुक्तांगण’ केंद्र १९८६ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. केंद्र सरकारच्या १४४४६ या क्रमांकावर निःशुल्क मार्गदर्शन मिळते.