मंदी, पदवी आणि घाटाखालचे घर

फोंडाघाटात बसून जागतिक मंदीचा विचार करणे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, आणि दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव निम्म्याच्या आसपास आले.

कोकणातील घर दोन आधारांवर उभे असे: शेतातले भात आणि मुंबईची मनीऑर्डर. मुलाची पदवी ही दुसऱ्या आधाराची तरतूद. तिचा खर्च पहिल्यातून, नाहीतर कर्जातून भागे. मंदीने दोन्ही आधार एकदमच खचले. भाताचा भाव उतरला, कर्जाचा आकडा मात्र तोच राहिला. १९३१ च्या अखेरीस सरकारने नोकरांच्या पगारात दहा टक्के कपात केली. जेथे जुन्यांचेच पगार कापले जात होते, तेथे नव्या पदवीधराला जागा कोठून मिळणार? संयुक्त प्रांतात तर या सुशिक्षित बेकारीच्या चौकशीसाठी सप्रू समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९३५ चा.

२०२० च्या टाळेबंदीत मुंबईहून परतलेली मुले आम्ही पाहिली. अशा मुलास 'शिकून काय केलेस?' असे विचारण्यापूर्वी आपण हा इतिहास आठवावा. बाजाराचा दोष मुलाच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.