मधूक, मोह आणि मकरंद

बडनेरा जंक्शनभोवतालचा मुलूख कपाशीच्या काळ्या जमिनीचा. मोहाची खरी वस्ती उत्तरेस, गाविलगडच्या डोंगरांत व मेळघाटात. मोह ह्या नावाचा इतिहास लक्षात घेतल्याखेरीज ह्या वृक्षापासून मधाची कितपत अपेक्षा धरावी, ह्या प्रश्नाचा उलगडा होत नाही.

संस्कृत ‘मधूक’पासून प्राकृत ‘महुअ’ व त्यापासून मराठी ‘मोह’ हा क्रम सर्वपरिचित आहे. ‘मध’ शब्दात मूळचा ध टिकला, ‘मोह’मध्ये त्याचा ह झाला, मूळ ‘मधु’ मात्र एकच. परंतु संस्कृतात मधु म्हणजे मध, तसेच मद्यही. ह्या दुहेरी अर्थाची छाया वृक्षाच्या इतिहासावर पडलेली दिसते. राज्यकर्त्यांनी त्यात मद्य पाहिले. मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. पुढे महाराष्ट्रात असलेले निर्बंध शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. मेळघाटातील कोरकूंच्या दृष्टीने मात्र वाळविलेली फुले हे टंचाईच्या दिवसांतील अन्नच होते.

मग मधाचे काय? एखाद्या वृक्षाची मधक्षमता ठरविताना फुलावर पिशवी बांधतात, सूक्ष्म नलिकेने मकरंद काढतात व त्यातील शर्करा मोजतात. ह्या शर्करेस फुलांची संख्या व बहराचे दिवस ह्यांनी गुणले म्हणजे अंदाज मिळतो. मधात सुमारे चार पंचमांश शर्कराच असते. मोहाला ही रीत जशीच्या तशी लागू पडत नाही. मार्च-एप्रिलमध्ये रात्री उमलणाऱ्या ह्या फुलाची गोडी मुख्यतः त्याच्या मांसल पुष्पमुकुटात साठलेली असते. वटवाघळे तो पुष्पमुकुटच खातात व त्या ओघात परागण घडते. उरलेला पहाटे गळून पडतो. सुकलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक शर्करा भरते. पण ती मकरंद नव्हे. तीवरून मधाचा हिशेब मांडणे म्हणजे उसाच्या कांड्यावरून त्याच्या तुऱ्यातील मध मोजण्यासारखे होय.

अमरकोशात मधूकाचे ‘मधुद्रुम’ व ‘गुडपुष्प’ असे दोन पर्याय दिले आहेत. पहिल्याने मधाची आशा लावली. दुसऱ्याने वस्तुस्थिती सांगितली. ज्याचे फूलच गुळासारखे, त्याची संपत्ती पोळ्यात शोधण्याऐवजी झाडाखालच्या टोपलीत मोजणे अधिक युक्त. ती टोपली पहाटे भरणाऱ्यांचा हक्कही त्याच हिशेबात धरला पाहिजे.