साठीनंतर सापडलेले नाव

वाशिम हे नगर जुने. परंतु त्याच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान फार उशिरा वाचले गेले. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा येथून, म्हणजे प्राचीन वत्सगुल्माहून, राज्य करीत होती, ही गोष्ट १९३९ साली द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिमला सापडेपर्यंत इतिहासकारांना ठाऊक नव्हती. ताम्रपटाने ती शाखा निर्माण केली नाही. जे होते त्याची ओळख तेवढी पटवून दिली. माणसाच्या आयुष्यातही क्वचित असे घडते. नोकरीतून निवृत्त झालेल्या, नातवंडांत रमण्याच्या वयाच्या एखाद्या गृहस्थाला वा भगिनीला तज्ज्ञ सांगतात, की तुम्ही जन्मापासून स्वमग्न, म्हणजे ऑटिस्टिक, आहात. हे नाव इतक्या उशिरा का सापडावे, आणि सापडल्यावर त्या व्यक्तीने व तिच्या धर्मग्रामाने त्याचे काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या नावाचा इतिहास मुलांपासून सुरू होतो. १९२५ साली मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा या महिला डॉक्टरांनी सहा मुलग्यांची सूक्ष्म निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांची दखल पुढे कित्येक वर्षे फारशी कोणी घेतली नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन केले आणि पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी तशाच मुलांविषयी लिहिले. त्यानंतरचा काळ मातापित्यांना फार जड गेला. आईच्या मायेतील थंडपणामुळे मूल असे होते, हा विचार ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या ग्रंथात ठासून मांडला. तो निराधार ठरला. पण तोवर अनेक मातांनी नसलेल्या अपराधाचे ओझे वाहिले. १९८१ साली लॉर्ना विंग या ब्रिटिश विदुषीने आस्पर्गर यांचे काम इंग्रजी वाचकांपुढे आणले. उत्तम बोलणारी, शिकलेली, नोकरी करणारी माणसेही स्वमग्न असू शकतात, हे त्यानंतर हळूहळू मान्य होत गेले.

आपल्या देशात ही वाटचाल आणखी सावकाश झाली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे नमूद होती. त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचा उल्लेख केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. आता साधा हिशेब पाहावा. १९५८ साली जन्मलेला राज्य शासनाचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, निवृत्त झाला. कायद्याने ते नाव आपल्या यादीत लिहिले, त्याच वर्षी त्याने कचेरीचा निरोप घेतला! शाळेत मास्तरांनी त्याला तिरसट म्हटले असेल, सोयरिकीच्या वेळी कोणी घुम्या म्हटले असेल. खरे नाव कोणाजवळच नव्हते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक स्वमग्न होता. २०११ च्या जनगणनेत वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे बारा लाख होती. तेच प्रमाण येथे धरले, तर हा आकडा नऊ हजारांच्या पुढे जातो. ही मोजणी नव्हे, केवळ अदमास आहे. परंतु वाशिम, रिसोड, कारंजा वा मंगरुळपीर येथे अशी माणसे नाहीत, असे म्हणण्यास जागा नाही.

मग ती आयुष्यभर दिसली का नाहीत? याचे एक उत्तर नोकरीत आहे. ठरलेली वेळ, ठरलेली खुर्ची, ओळीने मांडलेल्या नोंदवह्या आणि कामापुरते बोलणे, ही चौकट अशा माणसाला मोठा आधार देते. निवृत्तीनंतर ती एका दिवसात निघून जाते. उरतात ती लग्नकार्ये, पाहुणे, कर्णे आणि कारणावाचून मारावयाच्या गप्पा. वैद्यकशास्त्रही मानते, की ही लक्षणे बालपणापासून असली, तरी परिस्थितीच्या मागण्या माणसाच्या शक्तीबाहेर जाईपर्यंत ती पुरती प्रकट होतीलच असे नाही. पुष्कळदा नातवंडाची तपासणी होते, आणि त्याची लक्षणे ऐकताना आजोबांना आपलेच बालपण आठवते. निदान मात्र तज्ज्ञानेच करावे. वृद्धाच्या बाबतीत अडचण अशी, की बालपण सांगणारे आईवडील बहुधा हयात नसतात. अशा वेळी थोरल्या बहिणीची आठवण किंवा शाळेचे जुने प्रगतिपुस्तक मोलाचे ठरते.

कॅनर यांच्या अकरा मुलांपैकी पहिला डोनाल्ड ट्रिपलेट. १९३३ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहान गावी त्याचा जन्म झाला. वयाच्या चौथ्या वर्षाच्या सुमारास त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवण्यात आले होते. आईवडिलांनी त्याला परत आणले. पुढे तो १९५८ साली पदवीधर झाला, कुटुंबाचा संबंध असलेल्या बँकेत नोकरीस लागला, सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवावयास शिकला, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी हिंडला. जून २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. घरची सुस्थिती त्याच्या उपयोगी पडली हे खरेच. पण गावाने त्याला ‘आपला डोनाल्ड’ म्हणून सांभाळले, हेही तितकेच खरे. त्याच्या लकबी सर्वांना ठाऊक होत्या, आणि त्या सोडून दे असे कोणी त्याला म्हणत नव्हते.

आपल्या परंपरेतही असा एक माणूस आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसचा सोबती ब्रदर जुनिपर १२५८ साली वारला. आजारी बंधूने डुकराचा पाय खावासा वाटतो म्हणताच हा जाऊन जिवंत डुकराचा पाय कापून घेऊन आला, आणि मालक का संतापला हे त्याला उमगेना, अशी त्याची कथा सांगतात. मानसशास्त्रज्ञ उटा फ्रिथ यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात या कथांमध्ये स्वमग्नतेच्या खुणा दाखविल्या. सात शतकांपूर्वीच्या माणसाचे निदान खात्रीने करता येत नाही. तरीही संत फ्रान्सिसने त्याला खडसावले, मालकाची क्षमा मागावयास लावले, आणि संघातून मात्र घालविले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

‘स्वमग्न’ हा आपला मराठी शब्द काहीसा अन्यायकारक आहे. असा माणूस स्वतःतच बुडालेला असतो, त्याला इतरांची ओढ नसते, असे त्यातून सूचित होते. वस्तुतः ओढ असते. रीत सापडत नाही. उशिरा मिळालेले नाव औषध नव्हे, आणि झालेल्या चुकांची सबबही नव्हे. परंतु आपण आळशी, गर्विष्ठ वा निष्ठुर होतो म्हणून माणसे दुरावली, हा वर्षानुवर्षांचा समज त्याने सैल होतो. पत्नीलाही कळते, की ते मौन तिरस्काराचे नव्हते. त्याबरोबर दुःखही येते. हे आधी कळते तर, हा प्रश्न सुटत नाही. त्या दुःखाला कोणी घाईने गप्प करू नये.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये स्वमग्न व्यक्तींची व त्यांच्या कुटुंबीयांची भेट घेतली आणि त्यांच्या वाट्याला येणारे एकाकीपण व कलंक दूर करण्याचे आवाहन केले. वाशिम जिल्हा ज्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो, तो १९५५ साली स्थापन झाला. येथे ख्रिस्ती कुटुंबे थोडी आणि विखुरलेली आहेत. परंतु फॉरेस्ट गावाप्रमाणे, जेथे माणसे थोडी तेथे प्रत्येकाला नावाने ओळखणे शक्य असते. मिस्सेला शेवटच्या बाकावर, ध्वनिक्षेपकापासून दूर बसणाऱ्याला पुढे ओढू नये. शांतीच्या खुणेसाठी हात पुढे न करणाऱ्याला नुसते हात जोडावेत. गाण्यांच्या वह्या लावणे, बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी नीट उतरविणे, असे ठरल्या वेळेचे काम त्याच्याकडे विश्वासाने सोपवावे. आणि तो आला नाही, तर त्या संध्याकाळी कोणीतरी त्याच्या दारी जावे, फार बोलू नये, थोडा वेळ बसून यावे.