पडद्यावरील स्लाइड रूल : साधन आणि चिन्ह
स्टॅन्ली क्यूब्रिक यांच्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मध्ये (१९६४) अणुसंहारानंतर खाणींत किती काळ काढावा लागेल, असे राष्ट्राध्यक्ष विचारतात. स्ट्रेंजलव्ह वर्तुळाकार स्लाइड रूल फिरवतो आणि बहुधा शंभर वर्षे, असे सांगतो. स्लाइड रूल अंक दाखवतो, दशांशचिन्हाची जागा मात्र दाखवत नाही. ती वापरणाऱ्याने मनाशी धरायची असते. दहा की शंभर, हे शेवटी माणूसच ठरवतो. या प्रसंगाकडे निव्वळ विडंबन म्हणून पाहणाऱ्या समीक्षेच्या हातून त्यातील हे भय निसटते.

१९७२ मध्ये ‘एचपी-३५’ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला आणि काही वर्षांतच स्लाइड रूल व्यवहारातून गेला. रॉन हॉवर्ड यांच्या ‘अपोलो १३’मध्ये (१९९५) लॉव्हेल यांची आकडेमोड पडताळताना अभियंते तो सरकवतात. आकडेमोड असते बेरीज-वजाबाकीची. लॉगॅरिथमवर आधारलेले हे साधन गुणाकार-भागाकाराचे! प्रमाद क्षुल्लक, पण बोलका आहे. अपोलो मोहिमांत पिकेट कंपनीचा स्लाइड रूल नेला गेला होता, तेव्हा वस्तू कालविसंगत नाही. विसंगत आहे ती क्रिया. १९७० सालाची खूण पटवायला वस्तूचे नुसते दर्शन पुरते, तिचे काम कोणी तपासत नाही.