चार तास बारा मिनिटं

(वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या. आपलं घड्याळ साडेनऊ तास पुढे.)

21 ऑगस्ट 2025. जावास्क्रिप्टचे मोठे प्रकल्प बांधायला वापरतात त्या ‘एनएक्स’च्या गिटहब रेपोत एक वर्कफ्लो फाइल दाखल होते. काम किरकोळ, पुल रिक्वेस्टचं शीर्षक तपासायचं. पण शीर्षक जसंच्या तसं शेलच्या हाती जातं. म्हणजे शीर्षकात कमांड लिहिली की ती चालणार, तीही रेपोत लिहिण्याची मुभा असलेल्या टोकनवर. कुणीतरी हे जाहीरपणे दाखवून देतं. फाइल मुख्य शाखेतून निघते, जुन्या शाखेत तशीच राहते. हल्लेखोर तिथूनच शिरतो आणि एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या कोठारात पॅकेज प्रकाशित करण्याचं टोकन पळवतो.

26 ऑगस्ट, संध्याकाळी 6.32. एनपीएमवर 21.5.0 ही विषारी आवृत्ती येते. आपल्याकडे गणेश चतुर्थीची पहाट, चार वाजून दोन मिनिटं.

6.39. दुसरी आवृत्ती, 20.9.0.

आता ज्या मशीनवर इन्स्टॉल होईल तिथे ‘टेलिमेट्री’ नावाची एक स्क्रिप्ट आपोआप चालते. काहींनी तर इन्स्टॉलही केलं नव्हतं. नुसता एडिटर उघडला, आणि ‘एनएक्स कन्सोल’ या एक्स्टेन्शनने ताजी आवृत्ती तपासायला म्हणून ती स्वतःच उतरवून घेतली.

स्क्रिप्ट गिटहब आणि एनपीएमची टोकन, एसएसएच किल्ल्या गोळा करते. इथवर जुनीच चोरी. नवं पुढे आहे. ती मशीनवर क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉन क्यू यांपैकी कोणता कमांड-लाइन एआय एजंट आहे ते बघते आणि त्यालाच साध्या इंग्रजीत काम सांगते: होम फोल्डर धुंडाळ, क्रिप्टो वॉलेट आणि किल्ल्यांच्या फायली शोध, पत्ते एका यादीत लिही. वर तिघांनाही परवानगी न विचारण्याचा आपापला फ्लॅग. क्लॉडच्या फ्लॅगच्या नावात ‘डेंजरसली’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे, जेमिनीचा ‘योलो’, क्यूचा ‘ट्रस्ट ऑल टूल्स’. चोराने पहार कशाला आणावी? घरातला गडीच कपाटं उघडून देत होता. काही वेळा एजंटने नकार दिला, हेही नोंदवायला हवं. पण मॉडेलच्या सद्सद्विवेकावर विसंबून राहणं म्हणजे सुरक्षा नव्हे. तो फ्लॅग मुळात आपल्याच आळसासाठी ठेवलेला. दर वेळी ‘होय’ दाबायचा कंटाळा येतो ना!

लूट मग त्या माणसाच्याच गिटहब खात्यावर ‘एस1एनग्युलॅरिटी-रेपॉझिटरी’ या नावाने सर्वांसाठी खुली होते. बेस64मध्ये गुंडाळलेली, म्हणजे कुणालाही सोडवता येईल अशी. जाता जाता शेलच्या फायलीत मशीन बंद करण्याची एक ओळ, म्हणजे नवं टर्मिनल उघडलं की शटडाउन.

7.54. आणखी दोन आवृत्त्या.

8.16, 8.17. आणखी दोन.

8.30. एक वापरकर्ता गिटहबवर तक्रार नोंदवतो.

8.37. तरीही आणखी दोन. चोरलेलं टोकन अजून चालू आहे.

10.44. एनपीएम सगळ्या विषारी आवृत्त्या काढून टाकतं.

11.57. प्रकाशनाची सगळी टोकन रद्द.

27 ऑगस्ट, पहाटे 5 च्या सुमारास. गिटहब लुटीचे ते रेपो झाकायला घेतं. तोवर तासन्‌तास सगळं उघड्यावर होतं. ‘गिटगार्डियन’ या सुरक्षा कंपनीच्या मोजणीत 2349 वेगवेगळी गुपितं निघाली.

28 ऑगस्ट. चोरी झालेल्यांपैकी ज्यांची गिटहब टोकन अजून रद्द झालेली नव्हती, त्यांचे खासगी रेपो हजारोंनी सार्वजनिक होऊ लागतात. एनएक्सने नंतर कायमस्वरूपी प्रकाशन-टोकनच मोडीत काढलं.