अध्यापक महाविद्यालयाची निवड : एका जुन्या प्रश्नाचा मागोवा

पदवी परीक्षांचे निकाल लागले, की विद्यार्थी भेटायला येतात आणि विचारतात, “सर, बी.एड. कुठून करू?” त्या पाठोपाठ, किंचित संकोचाने, दुसरा प्रश्न येतो : “हजेरीची सक्ती नसलेलं एखादं कॉलेज आहे का?” पहिल्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. तो ठाऊक असेल, तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही.

शिक्षकाला घडवावे लागते, ही कल्पना मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजली. १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे शिक्षक तयार करणाऱ्या ‘नॉर्मल’ वर्गाची धुरा आली. हा शब्द फ्रेंच ‘एकोल नॉर्माल’वरून आलेला. त्यातील ‘नॉर्म’ म्हणजे आदर्श नमुना. अध्यापन कसे करावे याचा नमुना जिथे प्रत्यक्ष पाहायला मिळतो ती शाळा, असा त्याचा अर्थ. म्हणजे शिक्षक-प्रशिक्षणाच्या नावातच भरलेला वर्ग गृहीत होता.

पण हा नमुना कोणासाठी? १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी हाच प्रश्न उपस्थित केला. प्राथमिक शाळांतील बहुतेक शिक्षक ब्राह्मण आहेत आणि प्रशिक्षित थोडेच, हे त्यांनी दाखवून दिले. प्रशिक्षित शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, ते लोकांत मिसळणारे असावेत, प्रसंगी नांगराला हात लावण्याची त्यांना लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ मध्ये साताऱ्यात प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, ते याच विचाराच्या वाटेवर. माध्यमिक शिक्षकांसाठी मुंबईत १९०६ पासून सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज होते; पुण्यात १९४१ मध्ये टिळक अध्यापक महाविद्यालय निघाले. संस्था मोजक्या होत्या, त्यामुळे निवडीला वाव कमी होता. प्रवेश मिळणे हीच मोठी गोष्ट असे.

पुढे संस्था उदंड झाल्या. महाराष्ट्रातील डी.एड.च्या २९१ संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने २०११ मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ च्या अहवालापूर्वी झालेल्या तपासणीत यांतील बहुसंख्य संस्था निकषांना उतरल्या नाहीत. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमावर भर दिला. काळ वाढला, पण त्या काळात छात्राध्यापक वर्गात किती वेळ उभा राहतो, हे केवळ वर्षांच्या संख्येवरून कळत नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो : शुल्क आणि अंतर पाहाच, पण त्या महाविद्यालयाच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याची पाठ-टाचणाची वही मागून पाहा. मार्गदर्शकाचे शेरे प्रत्येक पाठाला निराळे आहेत, की सगळीकडे एकच ‘चांगला प्रयत्न’? सराव पाठ कोणत्या शाळांत होतात? त्यांत जिल्हा परिषदेची वा नगरपालिकेची एखादी शाळा आहे का? कवितेचा पाठ चालू असताना शेवटच्या बाकावर पूर्ण तास कोणी बसते का? मराठी अध्यापन पद्धतीला मराठीचाच प्राध्यापक आहे ना?

बाळशास्त्रींच्या काळी नमुना समोर होता; फुल्यांनी तो कोणापर्यंत पोहोचावा हे सांगितले. हजेरीवाचून मिळालेल्या पदवीत या दोन्ही गोष्टी नसतात. तिची किंमत पदवीधर मोजत नाही. ती मोजतात त्याच्यासमोर बसलेली चाळीस-पन्नास मुले, आणि त्यांना महाविद्यालय निवडण्याची संधी कोणी दिलेली नसते.