स्टेरॉइड, खुबा आणि मात्रेचा हिशेब

स्टेरॉइड औषधांमुळे होणारा अस्थिमृत्यू बहुतेक वेळा खुब्यात आढळतो. मांडीच्या हाडाच्या गोल टोकाला रक्त पोचवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्या असतात. स्टेरॉइडमुळे अस्थिमज्जेतल्या चरबीच्या पेशी फुगतात, हाडाच्या आतला दाब वाढतो, सूक्ष्म वाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. रक्त तुटले की हाड मरते, आणि शरीराच्या भाराखाली ते गोल टोक हळूहळू खचते. सुरुवात जांघेतल्या दुखण्याने होते. मग मांडी घालणे, उकिडवे बसणे जमेनासे होते. डॉक्टरांच्या बोलण्यात या आजाराचे नाव ‘एव्हीएन’.

या आजाराचा इतिहास औषधाच्या यशापासूनच सुरू होतो. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. अंथरुणाला खिळलेले रुग्ण चालू लागले आणि १९५० मध्ये हेंच यांच्यासह केंडाल व राइखश्टाइन या संशोधकांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे सातच वर्षांनी, १९५७ मध्ये, पित्रोग्रांदे आणि मास्त्रोमारिनो या इटालियन डॉक्टरांनी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णाच्या खुब्यातील अस्थिमृत्यूची नोंद केली. मूत्रपिंड प्रत्यारोपण रूढ झाल्यावर असे रुग्ण वाढले. १९८० च्या दशकात शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये यासाठीचे सायक्लोस्पोरिन हे औषध आले, प्रत्यारोपणानंतरची स्टेरॉइडची मात्रा खाली आणता आली आणि एव्हीएनचे प्रमाणही उतरले. मात्रा कमी तर धोका कमी, हा प्रतिबंधाचा मूळ धडा तिथे मिळाला.

भोपाळला हा प्रश्न वेगळ्या वाटेने भिडतो. २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेल्या मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूचा मुख्य लोट जुन्या शहरावर गेला. हमीदिया रुग्णालयात लोटलेल्या रुग्णांसाठी खात्रीचा उतारा हाताशी नव्हता. प्राणवायू, श्वासनलिका रुंदावणारी औषधे आणि स्टेरॉइड यांवरच उपचार चालले. त्या घडीला हाडांचा विचार करणे कोणालाच शक्य नव्हते, आणि त्याचा दोष देणेही अन्यायाचे. खरी जोखीम पुढची असते. फुफ्फुसाचा जुनाट आजार जडलेल्या माणसाला दम वाढला की स्टेरॉइडचा नवा कोर्स मिळतो, डॉक्टर बदलतात, आणि एकूण बेरीज कोणाच्याच कागदावर राहत नाही. थेट श्वसनमार्गात औषध सोडणारे पंप म्हणूनच हाडांच्या दृष्टीनेही मोलाचे: त्यातून रक्तात जाणारी मात्रा गोळ्यांच्या मानाने फार थोडी असते.

बेरीज किती महत्त्वाची, हे २००३ च्या सार्स साथीने आकड्यांत दाखवले. हाँगकाँगमध्ये स्टेरॉइड घेऊन बऱ्या झालेल्या २५४ रुग्णांची एमआरआय तपासणी झाली. एकूण प्रेडनिसोलोन (किंवा तेवढ्याच ताकदीचे दुसरे स्टेरॉइड) ३ ग्रॅमपेक्षा कमी मिळालेल्यांत अस्थिमृत्यूचे प्रमाण ०.६ टक्के निघाले, त्याहून जास्त मिळालेल्यांत १३ टक्के.

कोविडच्या वेळी हा अनुभव गाठीशी होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, जास्तीत जास्त १० दिवस, अशी मर्यादा घालून दिली. प्राणवायूची गरज नसलेल्यांना त्याचा लाभ दिसला नाही. तरीही २०२१ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला आणि सहकाऱ्यांनी कोविडमधून उठलेल्या, चाळिशीच्या आतल्या तीन रुग्णांत एव्हीएन नोंदवला. त्यांना सरासरी ७५८ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनइतके स्टेरॉइड मिळाले होते, सर्वांत कमी ४००. कोविडच्या निदानानंतर सरासरी ५८ दिवसांत खुबा दुखू लागला. एरवी सहा महिने ते वर्ष लागते. ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचे १० दिवस म्हणजे हिशेबाने तेच ४०० मिलिग्रॅम. तीन रुग्णांवरून नियम ठरत नाही, शिवाय कोविड स्वतःही रक्त गोठवतो. पण ‘कमी मात्रा’ म्हणजे ‘निर्धोक मात्रा’ नव्हे, एवढे त्यातून दिसते.

अस्थिमृत्यू टाळण्यासाठी वेगळी गोळी देण्याचे प्रयत्नही झाले. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनने स्टेरॉइड घेणाऱ्यांत धोका घटतो, असे २००१ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले; सर्वांना ती द्यावी इतका पुरावा मात्र जमला नाही. अगरवाला यांनी अ‍ॅलेंड्रोनेट या हाडांची झीज रोखणाऱ्या औषधावर केलेले काम आजार जडल्यानंतर हाड खचू नये यासाठीचे. तैवानमध्ये २००५ च्या चाचणीत त्याचा फायदा दिसला, २०१२ च्या चाचणीत दिसला नाही.

त्यामुळे आजही भर जुन्याच उपायांवर आहे: गरज असेल तरच स्टेरॉइड, पुरेल तेवढीच मात्रा, शक्य तितके कमी दिवस, मद्यापासून दूर राहणे आणि प्रत्येक कोर्सची लेखी नोंद. जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा गोळ्या आणणे किंवा सांधेदुखीवरच्या बेनामी पुड्या घेणे यात ही नोंदच बुडते. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड भीतीने एकदम सोडणेही घातक, कारण शरीराची स्वतःची निर्मिती तोवर मंदावलेली असते. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने उतरवावी लागते. स्टेरॉइडनंतर जांघ दुखू लागली आणि साधा एक्स-रे निर्दोष आला, तरी दोन्ही खुब्यांचा एमआरआय करतात. सुरुवातीचा अस्थिमृत्यू एक्स-रेत दिसत नाही आणि पुष्कळदा दुसरी बाजूही न दुखता बाधित असते.